'देवाचा पुत्र' म्हणताना तिघांच्या मनात काय असतं?

प्रश्न : सोलापुरात आम्ही कॉलेजची दहा-बारा मुलंमुली दर पंधरा दिवसांनी जमून धर्मांवर वाचन करतो. गटात हिंदू, लिंगायत, मुस्लीम, ख्रिस्ती असे सगळे आहेत. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही धर्म एकच देव मानतात, मग 'येशू देवाचा पुत्र' यावर एवढा वाद का, इथे आम्ही अडलो. एकाने दत्ताच्या त्रिमुखी मूर्तीचा दाखला दिला, तर मुस्लीम आणि ख्रिस्ती दोघेही नाराज झाले. फरक नेमका काय आहे आणि पुढच्या बैठकीत तो मांडायचा कसा?

उत्तर : देव किती, या प्रश्नावर तिघांत भांडण नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूचरित्रात (१२:२९, अध्याय १२, ओवी २९), एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? येशू उत्तर देतो ते ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो त्या 'शेमा'चंच: इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर एकच आहे. त्यामुळे बैठक 'एक की तीन' इथून सुरू केलीत तर पहिली पंधरा मिनिटं सगळे 'एक' म्हणून माना डोलावतील आणि सोळाव्या मिनिटाला एकमेकांना खोटं पाडायला लागतील. सुरुवात 'पुत्र' या शब्दापासून करा.

त्यासाठी लागणारा माल मराठीतच पडून आहे. जुन्या मोडी कागदांत माणसाची ओळख 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वलद तमुक' अशी लिहीत. कागदापुरता दोन्हींचा अर्थ एकच, 'चा मुलगा'. अरबीत मात्र या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. 'इब्न' किंवा 'बिन' हा सैल शब्द आहे. कुरआनात वाटसरूला 'इब्न अस-सबील', म्हणजे रस्त्याचा पुत्र, म्हटलं आहे. आपण 'भूमिपुत्र' म्हणतो तेव्हा भूमीचं लग्न कुणाशी झालं असं कोणी विचारत नाही, तसंच ते. 'वलद' मात्र जन्माच्या धातूतून येतो. वालिद, वालिदा, औलाद, मिलाद ही सगळी त्याच घरातली भावंडं, आणि तुमच्या गटातल्या मुस्लीम मुलांना ती ओळखीची असतात. 'वलद' म्हटलं की प्रसूती आली, वंश आला. अल्लाहला पुत्र नाही, असं कुरआन सांगतं तेव्हा बहुतेक ठिकाणी शब्द 'वलद' आहे.

हिब्रूतला 'बेन' हा 'बिन'चा सख्खा भाऊ, आणि तितकाच सैल. एक वर्षाचं कोकरू म्हणजे हिब्रूत 'वर्षाचा पुत्र', आणि मरणाच्या शिक्षेला पात्र माणूस म्हणजे 'मृत्यूचा पुत्र'. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं 'बेने इस्राएल' हे नावही याच शब्दाचं अनेकवचन आहे.

आता ज्यू बाजू. पुष्कळांना वाटतं की ज्यूंना 'देवाचा पुत्र' हा शब्दच अमान्य आहे. तसं नाही. त्यांच्या ग्रंथात तो अनेकदा येतो. निर्गम ४:२२ मध्ये अख्खं इस्राएल देवाचा 'प्रथमजात पुत्र' आहे. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (१४:१) सगळे लोक देवाची लेकरं आहेत. २ शमुवेल ७:१४ मध्ये दाविदाच्या वंशातल्या राजाबद्दल देव म्हणतो, मी त्याचा पिता होईन, तो माझा पुत्र होईल. ईयोब १:६ मधले 'देवपुत्र' म्हणजे स्वर्गीय दरबारातली मंडळी. सगळ्यांत बोलकं आहे दुसरं स्तोत्र. सातव्या ओवीत देव राजाला सांगतो, तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला. या 'आज'वर बोट ठेवायला मुलांना सांगा. राजा तर मोठा झालेला, गादीवर बसतोय. मग जन्म आज कसा? कारण हा जन्म पदाचा आहे, दत्तकविधानासारखा. निवड, नातं आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी, एवढा त्या पुत्रत्वाचा अर्थ. राजाला पुत्र म्हटलं म्हणून त्याची पूजा कोणी केली नाही. 'मशीहा' म्हणजेही अभिषेक झालेला माणूस. ज्यू ज्याची वाट पाहतात तो मशीहा माणूसच असेल, देव नव्हे.

मग ज्यूंचा आक्षेप कशाला? एका माणसाला देव मानून त्याची उपासना करण्याला. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने, म्हणजे रंबमने (११३८–१२०४), श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली. त्यातलं दुसरं 'एक'चा अर्थ बांधून देतं आणि तिसरं देवाला शरीर नाही असं सांगतं. त्याचा 'एक' आपल्या भाषेत असा समजावता येईल: मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पोतं एक, पण आत दाणे लाखो. घराणं एक, पण माणसं वीस. देह एक, पण अवयव अनेक. देव यांपैकी कुठल्याही अर्थाने एक नाही. त्याच्यात भागच नाहीत. या व्याख्येनंतर 'एका देवात तिघे' या वाक्याला जागा उरत नाही.

अर्थात ज्यू विचारही सरळ रेषेत चालला नाही. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या संग्रहात (हगीगा १५अ), एलिशा बेन अबुया हा रब्बी स्वर्गात मेटाट्रॉन या देवदूताला बसलेला पाहतो आणि त्याला शंका येते, इथे दोन सत्ता तर नाहीत? ही शंका पाखंड ठरली, पण तिची नोंद करावी लागली यावरूनच प्रश्न जिवंत होता हे कळतं. पुढे कबालावाद्यांनी, म्हणजे ज्यू गूढवाद्यांनी, देवाच्या दहा 'सेफिरोत' (प्रकट होण्याच्या पायऱ्या) सांगितल्या तेव्हा त्यांच्यावर ज्यूंनीच टोमणा मारला की ख्रिस्ती तीन मानतात, हे तर दहा मानतात. चौदाव्या शतकातल्या रब्बी इसहाक बेन शेशेत यांच्या उत्तरपत्रांत तो नोंदलेला आहे.

रंबमने ख्रिस्ती उपासना मूर्तिपूजेत मोजली आणि इस्लामला शुद्ध एकेश्वरवादी म्हटलं. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी रब्बी मेनाखेम मेइरीने ख्रिस्ती लोकांना 'धर्माच्या मर्यादेत राहणारे' मानून वेगळा निवाडा दिला. 'शितुफ', म्हणजे देवाबरोबर आणखी कुणाला जोडणं, हे ज्यू नसलेल्यांना निषिद्ध आहे की नाही, यावरही रब्बींत दोन मतं आहेत. गंमत अशी की तोरा (मोशेची पाच पुस्तकं) शिकवायची तर मुसलमानाला नको, ख्रिस्ती माणसाला चालेल, असंही रंबमनेच लिहिलं. कारण ख्रिस्ती तोराचा मजकूर तोच मानतात, त्यांचा फक्त अर्थ वेगळा असतो. म्हणजे देवाविषयी एक शेजारी जवळचा, ग्रंथाविषयी दुसरा.

ख्रिस्ती बाजूला सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण गैरसमज तिथेच साचलेत. पहिला गैरसमज असा की येशू कुमारी मरियेपासून जन्मला, त्याला मानवी बाप नव्हता, म्हणून तो देवाचा पुत्र. ख्रिस्ती सिद्धान्त यावर उभा नाही. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत कुमारीजन्माची कथाच नाही, तरी 'देवाचा पुत्र' दोन्हींत आहे. योहान सुरुवातच करतो ती 'प्रारंभी शब्द होता' या वाक्याने, आणि चौदाव्या ओवीत सांगतो की तो शब्द देही झाला. मरियेच्या पोटी जन्म झाला त्याच्या आधीही, सृष्टीच्याही आधी, पुत्र होता, असा हा दावा आहे.

मग तो पुत्र देवाने घडवलेला का? चौथ्या शतकात भांडण पेटलं ते याच्यावर. अलेक्झांड्रियाचा पाद्री अरियस म्हणाला, पुत्र कितीही थोर असला तरी तो घडवलेला आहे, तो नव्हता असं एकेकाळी होतं. अरियसला खलनायक करू नका. त्याला देवाचं एकत्वच राखायचं होतं. विरोधकांचं, पुढे विशेषतः अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियसचं, उत्तर असं: पुत्र घडवलेला असेल आणि आपण त्याची उपासना करत असू, तर आपण निर्मितीची पूजा करतोय, म्हणजे मूर्तिपूजक झालो. दोन्ही बाजू एकेश्वरवादासाठीच लढत होत्या, ही गोष्ट बहुतेक व्याख्यानांत निसटते. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया इथे (आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक) धर्मसभा बोलावली. तिने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पुत्र 'जनित आहे, निर्मित नाही', आणि तो पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे. तडजोड म्हणून पुढे आलेला 'होमोइऊसिओस', म्हणजे सारख्या तत्त्वाचा, हा शब्द एका ग्रीक अक्षराने वेगळा होता आणि तो टिकला नाही. ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल सभेशी जोडलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धा मांडणारं ठरलेलं निवेदन, आजही कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही मान्य आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं प्रॉटेस्टंट चर्च असो की कॅथलिक, या मुद्द्यावर सोलापुरातल्या दोन ख्रिस्ती कुटुंबांत फरक शोधत बसू नका.

'जनित, निर्मित नव्हे' हे शब्द मुलांच्या डोक्यावरून जातात. त्यासाठी माग वापरा. विणकर चादर विणतो. चादर कितीही देखणी असली तरी ती विणकर नाही, माणूस नाही. त्याच विणकराला मुलगा होतो, तो बापाइतकाच पुरा माणूस असतो. जे घडवलं ते वेगळ्या जातीचं, जे जन्मलं ते त्याच जातीचं. नायसियाला एवढंच म्हणायचं आहे. पण दाखला इथेच थांबवा. विणकराचा मुलगा बापापेक्षा लहान असतो, बाप आधी असतो, जन्माला आई लागते, आणि शेवटी माणसं दोन होतात. ख्रिस्ती सिद्धान्त यातलं काहीच मानत नाही. हा जन्म काळाबाहेरचा, आईविना, आणि त्याने देव दोन होत नाहीत. म्हणूनच त्या मतांगीकारात 'प्रकाशापासून प्रकाश' अशी दुसरी उपमा शेजारी ठेवली आहे.

'एका देवात तिघे' या त्रैक्याचं सूत्र असं: तत्त्व एक, व्यक्ती तीन. 'काय?' विचारलं तर उत्तर एक, देव. 'कोण?' विचारलं तर उत्तरं तीन, पिता, पुत्र, पवित्र आत्मा. यातला 'व्यक्ती' हा शब्द मराठीत फसवतो, कारण आपल्या डोळ्यांपुढे तीन खुर्च्यांवर बसलेली तीन माणसं येतात. ४५१ च्या खाल्सेदोन सभेने पुढचा भाग सांगितला: येशू ही व्यक्ती एक, पण तिच्यात देवाचं आणि माणसाचं अशी दोन पूर्ण स्वरूपं, न मिसळलेली आणि न तुटलेली. आणि दत्तकाचं काय? येशू आधी साधा माणूस होता आणि बाप्तिस्म्याच्या वेळी देवाने त्याला दत्तक घेतलं, हे मत चर्चने फेटाळलं. दत्तकपणाचा शब्द आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने रोमकरांस पत्रात (८:१५) वापरला तो विश्वास ठेवणाऱ्यांसाठी. म्हणजे ज्यू ग्रंथातल्या राजाचं पुत्रत्व ख्रिस्ती धर्माने टाकलं नाही, ते भक्तांकडे दिलं आणि येशूसाठी वेगळा अर्थ ठेवला.

इस्लामकडे येताना कुरआनाची ११२ वी सूरह (अध्याय), अल-इख़्लास, समोर ठेवा. चारच आयती, गटातल्या मुस्लीम मुलांना पाठ असतील, त्यांनाच म्हणायला सांगा. पहिलीत 'अहद', एक. हा शब्द शेमातल्या 'एहाद'च्याच धातूचा. दुसरीत 'समद': सगळे ज्याच्यावर अवलंबून आणि जो कुणावरच अवलंबून नाही असा. तिसरी 'लम यलिद व लम यूलद': त्याने जन्म दिला नाही, तो जन्मला नाही. 'यलिद'मध्ये तोच 'वलद'चा धातू ऐका. चौथी: त्याच्या तोडीचा कोणी नाही. ही सूरह फक्त ख्रिस्ती लोकांवर रोखलेली आहे असं समजणं चूक. मक्केतले बहुदेवपूजक देवदूतांना अल्लाहच्या मुली म्हणत, 'लात', 'उज्जा' आणि 'मनात' या देवींना पूजत (कुरआन १६:५७, ५३:१९–२०), त्यांनाही हे उत्तर आहे.

कुरआन ६:१०१ मध्ये युक्तिवाद येतो: त्याला सहचारिणीच नाही तर पुत्र कसा असेल? इथे ख्रिस्ती मुलगा म्हणेल, आम्ही कुठे पत्नी मानतो? आणि त्याचं बरोबर आहे. पण बैठक इथे संपवू नका. खरा मतभेद यानंतर सुरू होतो. प्रसूती, पत्नी, काळ, शरीर हे सगळं वजा केलं, तरी ख्रिस्ती सिद्धान्तात काही शिल्लक राहतं: एका देवाच्या आत पिता आणि पुत्र असं अनादी नातं आहे. तौहीदला, म्हणजे अल्लाहच्या एकत्वाच्या इस्लामी तत्त्वाला, नेमकं तेच मान्य नाही. नातं म्हटलं की दोन टोकं आली, आणि अल्लाहच्या एकत्वात टोकं नाहीत. ख्रिस्ती म्हणतो, नात्याने एकत्व मोडत नाही. मुसलमान म्हणतो, मोडतं, आणि त्याला 'शिर्क', म्हणजे अल्लाहला भागीदार जोडणं, म्हणतात. हा मतभेद शब्द समजावून मिटणारा नाही, तो तसाच फळ्यावर लिहा.

त्याच वेळी इस्लाम हजरत ईसांना जे स्थान देतो ते ज्यू धर्म देत नाही. कुरआनात ते 'मसीह' आहेत, कुमारी मरियमचे पुत्र आहेत, आणि ४:१७१ मध्ये अल्लाहने मरियमकडे टाकलेला 'कलिमा' आणि त्याच्याकडचा 'रूह' आहेत. त्याच आयतीत 'तीन म्हणू नका' ही ताकीदही आहे. कुमारीजन्मावरून देवत्व निघत नाही हे ३:५९ सांगते: ईसांची गोष्ट आदमसारखी, आणि आदमला तर आई-बाप दोन्ही नव्हते. जेरुसलेमच्या कुब्बत अस-सख़रा या घुमटाच्या इस्लामी वास्तूच्या आतल्या बाजूला हिजरी ७२ (इ.स. ६९१–९२) मधला लेख आहे, त्यात ४:१७१ आहे.

'कलिमा' या शब्दावरून एक जुनी चकमक आहे. आठव्या शतकातला दमास्कसचा योहान (शुभवर्तमानातला नव्हे, हा ख्रिस्ती धर्मपंडित) ख्रिस्ती लोकांना सांगतो, मुसलमान तुम्हाला भागीदार जोडणारे म्हणाले तर विचारा, देवाचा शब्द देवाबाहेरचा की आतला? मुस्लीम विद्वानांनाही हा प्रश्न स्वतःच्या घरात सोडवावा लागला. कुरआन म्हणजे अल्लाहचं बोलणं, मग ते निर्मित की अनादी? खलीफा मामूनने ८३३ साली 'निर्मित' हे मत विद्वानांवर लादलं, अहमद इब्न हंबल यांनी ते मानलं नाही. पुढे इस्लामी धर्मविचारातल्या अशअरी पंथाने अल्लाहच्या गुणांबद्दल सूत्र दिलं: ते ना तोच, ना त्याच्याहून वेगळे. नायसियाच्या शब्दांशी याचं साम्य कुणाला दिसलं तर दिसू द्या, पण बरोबरी करू नका. गुण ही 'व्यक्ती' नाही आणि त्याला कोणी हाक मारून प्रार्थना करत नाही.

आता दत्ताचा दाखला. अक्कलकोट जवळ असल्याने आपल्याकडे तो पहिला सुचतो, पण तो तीन ठिकाणी तुटतो. ब्रह्मा, विष्णू, महेश आधीच वेगळे आहेत, त्यांच्या पत्नी, वाहनं, कामं वेगळी आहेत, आणि मग ते एका रूपात एकत्र येतात. त्रैक्यात आधी वेगळे असलेले तिघे एकत्र येत नाहीत. दुसरं, उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामाची वाटणी त्रैक्यात नाही, निर्मिती तिघांची मिळून एकच. तिसरं, दत्त हा अत्री-अनसूयेचा पुत्र आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश या तिघांत एक दुसऱ्याचा पुत्र नाही, आणि आपला प्रश्न तर पुत्रत्वाचाच होता.

'पाणी, बर्फ, वाफ' किंवा 'एकच माणूस घरी बाप, शाळेत मास्तर' हे दाखले तर ख्रिस्ती शिक्षकही देतात, आणि नकळत तिसऱ्या शतकातल्या सबेलियसचं मत शिकवतात, जे चर्चने नाकारलं. अंड्याचं कवच, पांढरं आणि पिवळं म्हटलं की देवाचे भाग पडले. 'अवतार' हा शब्दही जपून वापरा. अवतार अनेक होतात आणि संपतात. ख्रिस्ती देहधारण एकदाच होतं आणि पुनरुत्थानानंतरही येशू माणूस असणं सोडत नाही. मराठी ख्रिस्ती 'देहधारण' म्हणतात, तोच शब्द ठेवा.

दोन आयतींवर चर्चा हमखास घसरते. ५:११६ मध्ये अल्लाह ईसांना विचारतो, मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का? ख्रिस्ती मूल म्हणेल, मरिया त्रैक्यात नाहीच. खरं आहे. ४३१ च्या इफिसस सभेने तिला 'देवमाता' म्हटलं, पण देव म्हटलं नाही. आयतीतही 'त्रैक्य' हा शब्द नाही, प्रश्न उपासनेचा आहे. ९:३० मध्ये ज्यू उज़ैरला (बहुतेक जण याला बायबलातला एज्रा समजतात) अल्लाहचा पुत्र म्हणतात असं येतं. ज्यूंच्या ग्रंथांत असा सिद्धान्त सापडत नाही, आणि अनेक मुस्लीम भाष्यकारांनीही हे विधान मोजक्या लोकांपुरतं धरलं आहे. गटात ज्यू कोणी नसेल तर त्यांच्या वतीने हे तुम्हीच बोलायला हवं.

बैठक दीड तासाची धरा. पहिली वीस मिनिटं फक्त शब्द: बेन, बिन, वलद. मग एका पानावर सहा उतारे छापून वाटा: अनुवाद ६:४, स्तोत्र २:७, योहान १:१–१८, नायसियाचा मतांगीकार, सूरह ११२, आणि ४:१७१ पूर्ण, अर्धी नको. प्रत्येक उतारा त्या धर्माच्या मुलाने वाचावा. ज्यू उतारे कोणीही वाचा, पण तोंडी दुसऱ्या धर्माचं भाष्य न घालता. वार शक्यतो आठवड्याच्या मधला घ्या, म्हणजे शुक्रवारची नमाज आणि रविवारची भक्ती दोन्ही मोकळ्या राहतात. हाक मारण्याची रीतही आधीच ठरवा. मराठी बायबलात देवाला आणि येशूला 'तो' म्हणतात, त्यात जवळीक आहे. मुस्लीम घरात 'हजरत ईसा' आणि आदरार्थी अनेकवचन. दोघांनी आपापलं म्हणावं, कुणी कुणाला दुरुस्त करू नये.

योहानाच्या पहिल्या अध्यायासाठी मराठीतली दोन भाषांतरं आणा. अठराव्या ओवीत काही जुन्या हस्तलिखितांत 'एकुलता एक पुत्र' आहे, तर काहींत 'एकुलता एक देव', म्हणून भाषांतरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. ते दिसलं की कुणीतरी 'म्हणजे ग्रंथ बदलला' असं म्हणेल. तो प्रश्न मोठा आहे आणि या दीड तासात बसत नाही, त्याची वेगळी बैठक ठेवा.